पाव मापाचं इंजिन

गार असताना चालायचं, तापलं की बंद. जेमतेम अर्धा मिनिट. आधी तिसरा सिलिंडर जायचा, मग पहिला, मग उरलेले दोघे हात टेकायचे. दहा मिनिटं निवू दिलं की पुन्हा शहाण्यासारखं सुरू. अडीच वर्षं खपून बनवलेलं इंजिन असं छळायला लागलं की माणूस रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मनातच हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उघडतो आणि परत बसवतो.

इंजिन होतं फोर्ड मॉडेल टीचं, पाव मापात. हेच निवडलं कारण त्यात लपवाछपवी नाही. गाडी १९०८ साली आली, १९२७ साली बंद झाली, इंजिन मात्र १९४१ पर्यंत बनत राहिलं. चार सिलिंडर एकाच ओतकामात, म्हणजे ब्लॉकमध्ये, हेड सुटं, व्हॉल्व्ह (वायू आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा) ब्लॉकमध्येच बाजूला उभे, ऑइल पंप नाहीच. २.९ लिटर आणि अश्वशक्ती फक्त २०. मूळ बोअर (सिलिंडरचा व्यास) पावणेचार इंच, स्ट्रोक (पिस्टनची धाव) चार इंच; माझ्याकडे ते झाले २३.८ आणि २५.४ मिमी. चारही सिलिंडर मिळून सुमारे ४५ सीसी.

कागदावर चारने भागणं सोपं. पण लांबी पाव झाली की पृष्ठभाग सोळावा हिस्सा होतो आणि आकारमान चौसष्टावा. म्हणजे आतल्या मूठभर वायूला गार करायला भिंती तुलनेने चौपट. जळण पेटतं न पेटतं तोच निम्मी धग लोखंडात जाते. पेट्रोलचे थेंब काही आपल्यासाठी बारीक होत नाहीत, आणि वाळूचा कण मोठ्या इंजिनात जेवढा असतो तेवढाच इथेही असतो. त्यामुळे मोठ्या इंजिनात खपून जाणारी गळती इथे जीव घेते. मूळचं कॉम्प्रेशनच, म्हणजे वायू दाबला जाण्याचं प्रमाण, साडेचारास एकच्या आसपास, त्यातलं गळायला देणार किती?

सगळ्यात जास्त दिवस क्रँकशाफ्टने खाल्ले, म्हणजे पिस्टनच्या वरखाली धावेने गोल फिरणाऱ्या दांड्याने. मूळ क्रँकच काडीसारखा, बेअरिंगच्या जागी सव्वा इंच जाड. पाव मापात आठ मिमीला थोडा कमी. अख्ख्या स्टीलच्या दांड्यातून तो कोरायचा. दांड्याच्या दोन्ही तोंडांवर मधल्या सेंटरपासून (लेथवर दांडा टेकवायच्या भोकापासून) १२.७ मिमी अंतरावर आणखी दोन सेंटर पाडायचे आणि क्रँकपिन (कनेक्टिंग रॉड जिथे बसतो ती बाजूला सरकलेली पिन) कातताना जॉब त्या ऑफसेट सेंटरवर धरायचा. लेथ सुरू केला की अर्धा दांडा हवेत गरगरतो आणि टूल पिनला फेरीत एकदाच कुठेतरी टक्कन भेटतं. वेग अगदी कमी, कट कागदाएवढा, आणि ‘टक, टक, टक’ ऐकत तासन् तास उभं राहायचं. पिन कातून झाली की तिच्या दोन बाजूंच्या भिंतींमधली, म्हणजे वेबमधली, मोकळी जागा नेमक्या मापाच्या तुकड्याने ठासून भरायची, नाहीतर सेंटर आवळल्यावर क्रँक धनुष्यासारखा वाकतो. हे मला माहीत होतं. तरी पहिल्या क्रँकच्या वेळी माप घ्यायला एक तुकडा काढला आणि परत बसवायचा विसरलो. डायल गेजची सुई ०.३ मिमी फिरली. तीन आठवड्यांचं काम भंगारात. ते आजही बाकाच्या वर खिळ्याला लटकतंय.

पिस्टन, कनेक्टिंग रॉड, कॅमशाफ्ट यांनी फारसा त्रास दिला नाही. रिंगांनी दिला, पण तो कंटाळ्याचा त्रास. बारा हव्या होत्या, तेवीस कातल्या. ओतीव लोखंडाची एक मिमी जाड रिंग पिस्टनवर चढवताना श्वास रोखून धरावा लागतो; सोडला की ‘टिक्’ आवाज येतो आणि हातात दोन तुकडे.

इग्निशनबाबत मी सरळ लबाडी केली आहे. मूळ इंजिनात फ्लायव्हीलवर सोळा चुंबकं, त्यातून निघणारी वीज, टायमर आणि लाकडी पेटीत चार थरथरती कॉइल. एवढ्याशा फ्लायव्हीलवरची चुंबकं ठिणगी पाडण्याइतकी वीज देणार नाहीत हे हिशोबातच दिसत होतं. म्हणून लाकडी पेटी हुबेहूब बनवली आणि आत इलेक्ट्रॉनिक सर्किट दडवलं. झाकण मी कुणासमोर उघडत नाही.

पहिल्यांदा ड्रिल मशीन लावून फिरवलं तेव्हा कार्ब्युरेटरमधून फट् फट् करत आग बाहेर आली. चूक माझ्या हाताची होती. आजच्या गाड्यांच्या सवयीने ठिणगीच्या वायरी सिलिंडरांच्या १-३-४-२ या क्रमाने जोडल्या होत्या. या इंजिनाचा क्रम १-२-४-३. दोन वायरींची अदलाबदल केली आणि चारही सिलिंडर बोलायला लागले. अर्धा मिनिट बोलले.

पुढचे दोन महिने मी ज्या हुशारीने वाया घालवले त्याला तोड नाही. कॉम्प्रेशन जातंय हे हाताने फिरवूनच कळत होतं. प्लगच्या भोकात नळी लावून सायकलच्या पंपाने हवा भरली. एक्झॉस्टच्या तोंडाशी बारीक सूं सूं. म्हणजे व्हॉल्व्ह बसत नाहीत. मग लॅपिंगची, म्हणजे बारीक घासायची, पेस्ट लावून व्हॉल्व्ह घासले. सीटवर, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतो त्या कडेवर, छान राखाडी रेघ आली, पुन्हा जोडलं, गार असताना हवा टिच्चून धरली. तापल्यावर तेच. मला वाटलं, घासणं कमी पडलं. पुन्हा घासले. असं पाच वेळा. दर वेळी इंजिन आधीपेक्षा लवकर बंद पडायचं, आणि दर वेळी मी ठरवायचो की रिंगाही खराब असणार.

एकदा चिडून, इंजिन बंद पडताक्षणी, बोट भाजत असतानाच साइड कव्हर उघडलं आणि व्हॉल्व्हच्या दांडीखाली फिलर गेज (फट मोजायची पाती) घातला. ०.०५ मिमीची पाती आत जाईना. सगळ्यात पातळ पातीही नाही. दांडी टॅपेटवर, म्हणजे तिला खालून उचलणाऱ्या खुंटीवर, टेकली होती.

मग उजेड पडला. या इंजिनात व्हॉल्व्ह खालून उचलला जातो. सीट घासली की व्हॉल्व्ह तेवढा खाली बसतो आणि त्याची दांडी टॅपेटकडे सरकते. मूळ इंजिनात दांडी आणि टॅपेट यांच्यातला गॅप एक चौसष्टांश ते एक बत्तिसांश इंच ठेवत. पाव मापात कमीत कमी बाजू येते ०.१ मिमी. तो मी आपल्या हातांनी घासून संपवला होता. गार असताना मिमीचे दोन शतांश उरायचे, म्हणून हवा धरायची. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापला की त्याची २८ मिमीची दांडी ब्लॉकपेक्षा चार-पाच शतांश जास्त लांबायची आणि व्हॉल्व्ह उघडाच राहायचा. औषध म्हणून जे देत होतो तेच दुखणं होतं.

बरं, टॅपेटला ॲडजस्टिंग स्क्रूही नाही. मूळ इंजिनातही नव्हता. उपाय एकच, दांडीचं टोक घासून आखूड करायचं. व्हॉल्व्ह कॉलेटमध्ये (गोल पकडीत) धरून ऑइलस्टोनवर टोक सरळ राखत दोन शतांश काढायचे, बसवायचा, मोजायचा, परत काढायचा. जास्त निघालं तर व्हॉल्व्ह नवा. आठ व्हॉल्व्हना एक रविवार गेला. पाचवा बिघडवला.

त्यानंतर ते अकरा मिनिटं चाललं, आणि बंद केलं ते मी. रेडिएटरची वरची टाकी हात लावू देत नव्हती, खालची कोमट होती. म्हणजे पंपाशिवाय पाणी आपणहून फिरत होतं. खऱ्या गाडीसारखं संथ मात्र ते कधीच चालणार नाही. फ्लायव्हीलचं वजन चौसष्टावा हिस्सा आणि त्रिज्या पाव, म्हणजे फिरतं राहण्याची त्याची ताकद मूळच्या हजाराव्या हिश्शाहून कमी. मिनिटाला चौदाशे फेऱ्यांच्या खाली आणलं की पुढचं कॉम्प्रेशन ओलांडायला त्याच्यात दम उरत नाही.

आता हत्यारांच्या डब्याच्या झाकणावर आठही व्हॉल्व्हचे गॅप पेन्सिलीने लिहिलेले असतात, तारखेसकट. काल चालवून गार झाल्यावर मोजले. तिसऱ्याचा एक्झॉस्ट ०.०९ भरला. गेल्या महिन्यात तो ०.१ होता.