एकच जपानी सुरी, आणि वापरणाऱ्या दोघी

रविवारी मिसळ असली की आमच्याकडे कांदा किलोवर चिरला जातो, आणि तो बारीकच लागतो. नाशिकमध्ये कांद्याला तोटा नाही, सुरीची मात्र बोंब होती. ड्रॉवरमध्ये ढीगभर सुऱ्या, त्यातली एकही धड नाही. बोथट पातं कांदा कापत नाही, चेंगरतं. रस जास्त सुटतो आणि डोळ्यांची वाट लागते. म्हणून ठरवलं, जपानी पद्धतीची एकच चांगली सुरी घ्यायची. ‘एवढ्यात मिक्सर येईल’ हे नवऱ्याचं म्हणणं ऐकून घेतलं आणि सोडून दिलं.

खरी अडचण हातांची होती. मी डावखुरी, सासूबाई उजव्या, आणि सुरी दोघींची. जपानच्या साकाई गावची ख्याती ज्या पारंपरिक सुऱ्यांसाठी आहे, त्यांना एकाच बाजूनं धार असते आणि ती उजव्या हाताच्या हिशेबानं. डावखुऱ्यांसाठी वेगळी मिळते, पण महाग. दोन्ही बाजूंनी धार असलेल्या काही सुऱ्यांतही एक बाजू जास्त घासलेली असते. अशी सुरी उलट्या हातात सरळ जात नाही, तिरकी ओढते. त्यामुळे दुकानदाराला माझा पहिला प्रश्न किमतीचा नसायचा, ‘धार दोन्हीकडून सारखी आहे का?’ हा असायचा. निम्म्यांना प्रश्नच कळायचा नाही.

आकारात तीन नावं समोर आली. नाकिरी फक्त भाजीची. कोबीला झकास, पण तिला टोक नाही आणि मला भरल्या मिरचीच्या बिया काढायला टोक लागतं. उरल्या सांतोकु आणि ग्युतो. सांतोकुचं पातं रुंद, धार जवळजवळ सपाट, लांबी साधारण १६५ ते १८० मिलिमीटर. वरून खाली दाबून चिरणाऱ्यांना सोयीची. ग्युतो म्हणजे युरोपातल्या शेफच्या सुरीचा जपानी अवतार. मेइजी काळात, म्हणजे १८६८ ते १९१२ दरम्यान, जपानात गोमांस खाणं रुळलं, तेव्हाची ही घडण. आमच्या घरी तिच्या वाट्याला मेथी आणि गवारच येणार होती, ते सोडा. तिची धार टोकाकडे वळलेली असते, त्यामुळे टोक पाटावर टेकवून कोथिंबीर झुलवत चिरता येते.

ग्युतो २१० मिलिमीटरची घ्यावी, असं सगळेच सांगतात. मी पुठ्ठ्याची २१० आणि १८० अशी दोन पाती कापली आणि ओट्यावर सासूबाईंच्या हातात दिली. जन्मभर विळीवर बसून चिरलेलं. त्यांनी मोठं पातं धरलं, टोक थेट गॅसच्या शेगडीला टेकलं. “अगं, ही भाजीची की लढाईची?” १८० ची ग्युतो ठरली.

पोलादावर माझं मत ठाम आहे. साध्या कार्बन पोलादाला, म्हणजे शिरोगामी वगैरेला, धार अप्रतिम लागते. पण कैरी, लिंबू, टोमॅटो चिरून पातं तसंच ठेवलं की डाग पडतात आणि गंज चढतो. आमच्या ओट्यावर पातं लगेच पुसलं जाईल, ही आशाच नको. म्हणून व्हीजी-१०: ताकेफु कंपनीचं स्टेनलेस, कार्बन सुमारे १ टक्का, कडकपणा रॉकवेल मापावर ६० च्या आसपास. नेहमीच्या जर्मन सुऱ्या ५६ च्या जवळपास असतात. पात्यावरच्या लाटांच्या नक्षीला मी जादा पैसे दिले नाहीत; कापते ती मधली पट्टी, नक्षी बाहेरच्या थरांवर असते. तोजिरो कंपनीची साधी घेतली, निइगाता प्रांतातल्या त्सुबामेची.

हा कडकपणा अंगावरही येतो. कडक पातं वाकत नाही, त्याचा टवका उडतो. म्हणून नारळ, लाल भोपळा, हाडं आणि फ्रीजरमधलं काहीही तिच्याखाली जात नाही. त्यासाठी जुनी जाड सुरी ठेवली आहे. स्टीलचा पाट आणि थेट ग्रॅनाइटचा ओटा, दोन्ही बंद. सायकलवर चाक फिरवणाऱ्या धारवाल्याकडे ती देत नाही, कारण चाकावर धार तापली की पोलादाचं पाणी उतरतं. घरीच धार लावायला १००० नंबरचा, म्हणजे मध्यम दाण्याचा, पाणदगड आणला आहे. तो ओला करून, पातं साधारण १५ अंशांत धरून घासते. काठावर बोटाला बारीक खरखर लागली की बाजू बदलायची. दोन्ही बाजू सारख्याच घासायच्या, नाहीतर सासूबाईंच्या हातात ती तिरकी जायला लागते आणि मग मला ऐकून घ्यावं लागतं.