पहिली धुलाई होऊ दे

दिवसभर मी शाळकरी पोरांच्या खाकी पँटी एका रंगात बसवतो आणि रात्री प्लास्टिकच्या शिपायांच्या खाकी पँटी एका रंगात दिसू नयेत म्हणून डोळे फोडतो. बायको म्हणते, कारखान्यात पोट भरत नाही म्हणून घरीही तेच. तेच नाही, बरोबर उलटं आहे. पण हे ताटावर बसून पटवून देता येत नाही.

सोलापूर म्हटलं की लोकांना चादर आठवते. पण इथं शाळेचे गणवेश शिवणारे कारखानेही भरपूर, त्यातल्याच एकात मी कापड तपासतो. ताका आला की शेड कार्डाशेजारी, म्हणजे ठरलेल्या रंगाच्या नमुन्याशेजारी धरायचा, लॉट नंबर, म्हणजे कुठल्या खेपेत रंगवलेलं कापड ते बघायचं, शर्टाची पाठ एका लॉटची आणि बाही दुसऱ्या लॉटची जाणार नाही एवढं सांभाळायचं. शाळा उघडायच्या आधी, मे महिन्यात, डोळे मिटले तरी नेव्ही ब्लू दिसतो.

हा नाद लागला पुतण्याच्या दिवाळीच्या किल्ल्यामुळे. बाजारातून आणलेल्या मातीच्या मावळ्यांतल्या एकाचा हात मोडला. तो चिकटवताना रंगही उडाला, म्हणून म्हटलं रंगवून देऊ. मावळा मुळात पोपटी अंगरख्यात, गुलाबी गालांचा, लग्नाला निघाल्यासारखा. मी त्याला न धुतलेल्या सुती कापडाचा पिवळट पांढरा अंगरखा दिला, विटलेल्या कुसुंबी रंगाचं मुंडासं दिलं आणि गुडघ्यापर्यंत चिखल. महाराजांच्या मावळ्यांना कुठला आलाय गणवेश? ज्याच्या घरी जे असेल ते अंगावर. पुतण्यानं हातात घेऊन बघितलं आणि म्हणाला, "काका, ह्याला ताप आलाय का?" तो मावळा किल्ल्याच्या मागच्या बाजूला उभा राहिला.

पुढे पार्सलनं खरे शिपाई आले. पहिल्या महायुद्धातली हिंदी पलटण, एकास बहात्तर मापाची. म्हणजे पाच फूट आठ इंचांचा गडी चोवीस मिलिमीटरचा. मी ठरवलं, ह्या आपल्या मराठा पलटणी. १०३ वी, ११० वी, ११७ वी. पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात गेलेल्या आणि डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ टायग्रिस नदीकाठच्या कूत गावच्या वेढ्यात अडकलेल्या. गणवेश खाकी, एवढं तर ठरलेलंच. आणि खाकी म्हणजे माझ्या घरचंच कापड.

कारखान्यातून खाकीची चिंधी आणली आणि तिच्याशी तंतोतंत जुळेल असा रंग तयार केला. गेरू, पिवळी माती, पांढरा, हिरव्याचा एक थेंब. चिंधीवर रंगाचा ठिपका ठेवला तर ठिपका दिसेना, इतका जुळला. शिपायाला लावला, वाळला, आणि बघतो तर गडी कोळशाच्या वखारीतून आल्यासारखा काळपट.

कारण कळायला आठवडा गेला. फूटभर अंतरावरून, म्हणजे तीस सेंटिमीटरवरून हा शिपाई बघणं म्हणजे खरा माणूस एकवीस-बावीस मीटरवरून बघणं. तेवढ्या अंतरावर कुठलाच रंग आपल्या मूळ ताकदीनं उभा राहत नाही. मधे हवा असते, धूळ असते, आणि सोलापूरच्या उन्हात तर रंगाचा अर्धा जीव तिथंच जातो. गच्चीवर जाऊन समोरच्या शाळेच्या प्रार्थनेकडे पाहिलं. ज्या नेव्ही ब्लूसाठी मी ताके परत पाठवतो तो गच्चीवरून चक्क राखाडी निळा दिसत होता, आणि काळे बूट करडे. तेव्हापासून मूळ रंगात थोडा पांढरा किंवा फिकट बदामी घालतोच. निव्वळ काळा आणि निव्वळ पांढरा ह्या दोन बाटल्या मी शिपायांसाठी उघडत नाही. सावलीसाठी काळ्याऐवजी पातळ तपकिरी पाणी फिरवायचं. ते आपोआप चुण्यांत जाऊन बसतं.

ब्रश धुवायचं पाणी मात्र एकाच बरणीत तीन दिवस पुरवतो. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, आणि शिपायांसाठी पिंप रिकामं केलं तर घरात काय होईल ते सांगायला नको.

एवढं करूनही मूळ प्रश्न उरतोच, खाकी कुठली? फारसीत खाक म्हणजे धूळ. १८४६ मध्ये पेशावरला हॅरी लम्सडेननं उभ्या केलेल्या गाइड्सच्या पलटणीपासून हा रंग फौजेत शिरला. पण मला आवडतो तो १८५७ चा उन्हाळा. गोऱ्या पलटणींनी आपले पांढरे उन्हाळी कपडे तिथल्या तिथं रंगवले. चहा, कॉफी, शाई, चिखल, हाताला लागेल ते. कोणी तपकिरी झाला, कोणी पाटीसारखा करडा, कोणाला जांभळट झाक आली. आमच्या तपासनिसानं ती परेड पाहिली असती तर अख्खी पलटण माघारी पाठवली असती. मीही मांजरपाटाची पट्टी घरच्या चहात उकळून पाहिली. रंग बरा आला, जरासा लालसर. पातेलं मात्र नवं आणावं लागलं.

लाल कोटाचंही तेच. कंपनी सरकारच्या काळात साध्या गोऱ्या शिपायाचा कोट मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांनी रंगवलेला, विटकरीकडे झुकणारा. साहेबाचा कोट किरमिजी किड्यांच्या महाग रंगातला, लखलखीत. एकाच पलटणीत दोन लाल. आणि फ्रेंच फौजेच्या १९१५ च्या गणवेशाचा फिकट निळा तर कापड रंगवून केलेलाच नव्हता, गडद निळी, फिकट निळी आणि पांढरी लोकर एकत्र कातून केलेला. आधी त्यात लालही घालायचा होता, पण तो रंग यायचा जर्मनीहून, आणि लढाई त्यांच्याशीच! सूत जाणणाऱ्या माणसाला हे वाचून जेवण गोड लागतं. असा मिसळीचा निळा एका बाटलीतून ब्रशनं कसा लावायचा, हे मला अजून जमलेलं नाही.

शेवटी अण्णांकडे गेलो. सोलापूरच्या पूर्व भागातले, घरी तेलुगू बोलणारे, उभा जन्म रंगाच्या हौदाशी काढलेला माणूस. एकदा मीच ट्यूबलाइटखाली दोन लॉट जुळवून पास केले होते आणि उन्हात एक हिरवा, एक तांबूस निघाला. दीडशे पँटी उसवल्या. तेव्हा अण्णांनीच शिकवलं होतं की रंग दारात नेऊन बघायचा, दिव्याखाली नाही. मी त्यांच्यापुढे खाकीच्या सात चिंध्या ठेवल्या. म्हटलं, अण्णा, ह्यातली खरी फौजेची कुठली?

त्यांनी एक चिंधी बोटांत चुरगळली, वास घेतला. "पहिली धुलाई होऊ दे, मग सांगतो."

"शिपाई आहेत, अण्णा. शंभर वर्षांपूर्वीचे."

"मग किती धुलाया झाल्या असतील बघ की! आणि धुतला कशात? विहिरीत, नदीत, का धुतलाच नाही?"

टायग्रिसकाठी वेढ्यात अडकलेला माणूस कपडे कशात धूत असेल ह्याचा मी कधी विचार केला नव्हता. गुडघे आधी फिके पडणार. पाठीवर पिशवीच्या पट्ट्यांखाली मूळ रंग शाबूत राहणार, खांदे उन्हानं विटणार. पगडीचं कापड अंगरख्याच्या लॉटचं असेलच असं नाही. घरी येऊन सगळी पलटण पुन्हा काढली. पाच वाट्यांत पाच खाक्या केल्या आणि कुठलाही शिपाई सबंध एका वाटीतून रंगवायचा नाही असं ठरवलं. तीन रविवार गेले. कारखान्यात ज्याबद्दल माझा पगार कापला जाईल, ते सगळं मी मन लावून केलं.

परवा संध्याकाळी अण्णा आले. चष्मा कपाळावर सरकवला, पाट उचलून थेट दारात नेला आणि उजेडात धरून प्रत्येकाला नीट बघितलं. काही बोलले नाहीत. मग मागच्या रांगेतला एक शिपाई दोन बोटांत उचलला. त्याच्यापर्यंत येईस्तोवर वाटीतलं तपकिरी पाणी संपलं होतं आणि मी कंटाळून तसाच ठेवून दिला होता.

"हा नवीन भरती का रे?"

हो म्हणालो.