पोटात काय घातलंस?

"ह्ये मेंढीचं न्हाई, माय. ह्ये पलास्टिक हाय."

दुकानाच्या उंबऱ्यावर बसून आजींनी तिसरी काडी विझवली आणि धाग्याचं जळलेलं टोक माझ्या तळहातावर ठेवलं. काळा, टणक मणी. नखाने दाबला तरी फुटला नाही. शेजारी त्यांनी स्वतःच्या लोकरीचं टोक जाळून ठेवलं होतं. ते बोटात धरताच राख झालं आणि दुकानभर केस जळल्यासारखा वास सुटला. माझ्या धाग्याला तसला वासच नव्हता. तो कोन, म्हणजे शंकूवर गुंडाळलेला धागा, मी 'वूल मिक्स' म्हणून विकत घेतला होता. कोनाच्या आतल्या चिठ्ठीवर तसं छापलेलं होतं, आणि त्याचे स्वेटर मी दोन हिवाळे तसंच सांगून विकले होते.

गंगाखेडला माझं स्वेटरचं छोटं दुकान आहे. दोन मशीन आहेत. एक लुधियानाची हातमशीन, शाळेच्या स्वेटरसाठी. दुसरी ब्रदर कंपनीची पंचकार्डवाली, म्हणजे भोकांच्या कार्डावरून सुया निवडणारी, 200 सुयांची. कंपनीने ही मशीन बनवणं केव्हाच बंद केलं, त्यामुळे एक सुई मोडली तरी माझा जीव वरखाली होतो. दसऱ्यापासून डिसेंबरपर्यंत शाळांच्या ऑर्डरी चालतात, नेव्ही ब्लू आणि मरून. कृषी विद्यापीठाच्या नोंदीत परभणीचा पारा एक आकडी झाला की लोक धावत येतात आणि उद्याच स्वेटर मागतात.

आपल्याकडे सगळ्यालाच लोकर म्हणतात. दुकानात आलेली बाई "लोकरीचा द्या" म्हणते तेव्हा तिला ॲक्रिलिकच, म्हणजे कृत्रिम धागाच, हवं असतं, कारण मऊ, रंगीत आणि स्वस्त तेच असतं. मीही तेच म्हणत आले. मी जिथे तीन महिन्यांचा कोर्स केला, तिथे मेंढीची लोकर आम्हाला एकदाही दाखवली नव्हती. सॅम्पल विणून ते धुवायचं, रात्रभर ठेवायचं आणि मग मोजायचं, एवढी साधी गोष्टही तिथे कुणी शिकवली नाही. ती मी पहिल्या तीस स्वेटरांचं नुकसान सोसून शिकले.

आजी बालाघाटाच्या बाजूच्या एका वाडीवरून आल्या होत्या, दिवाळीच्या सुट्टीत घरी आलेल्या नातवाला घेऊन. तो नाशिकला पॉलिटेक्निकला आहे. पिशवीत घोंगडीच्या सुताचे दोन गोळे होते, काळे, मधूनच तपकिरी झाक असलेले. घरच्या दख्खनी मेंढ्यांची लोकर, आजींनी स्वतः कातलेली. हात दुखतात म्हणून आता कातणं बंद आहे, म्हणजे हे शेवटचं सूत. घोंगडी विणायला सांगराकडे द्यावं तर एवढ्या सुतात घोंगडी होत नाही, आणि झाली तरी नातू ती हॉस्टेलवर नेणार नाही.

"घोंगडं न्हाई नेत तर न्हाई. ह्याचं सुटर करून दे," आजी म्हणाल्या. "आंगावर माही लोकर पाहिजे त्याच्या."

नातू माझ्याकडे बघत नव्हता, कपाटातल्या मऊ करड्या पुलोव्हरकडे बघत होता. टोचेल, एवढंच तो हळू आवाजात म्हणाला.

मी गोळे काट्यावर ठेवले. 410 ग्रॅम भरले. दहा मीटर मोजून वजन केलं तर एकदा 8 ग्रॅम, पुढच्या दहा मीटरला 13. आमच्या धंद्यात धागा नंबरावर चालतो. 2/32 ॲक्रिलिक म्हणजे 32 नंबरचे दोन पदर एकत्र पिळलेले, एका किलोत साधारण 16,000 मीटर. त्याचे तीन पदर जोडून मी या मशीनवर घालते. तेही ग्रॅमला पाच मीटरच्या वर जातं. आजींचं सूत ग्रॅमला जेमतेम एक मीटर, म्हणजे पाचपट जाड, तेही एकसारखं नाही. माझ्या मशीनच्या दोन सुयांमध्ये साडेचार मिलिमीटर अंतर आहे.

तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं, असं माझ्याकडे कामाला असलेली मुलगी अजून म्हणते. तिचं खरं आहे, शाळांच्या ऑर्डरी तुंबल्या होत्या. पण मी गोळे ठेवून घेतले. आठ दिवसांनी या म्हणाले.

सॅम्पल करण्यात एरवी काही जात नाही. ॲक्रिलिक विणलं, पसंत नाही पडलं, उसवलं, गुंडाळलं, पुन्हा लावलं. इथे तसं नव्हतं. दख्खनी लोकर आखूड आणि राठ असते. एकदा सुईच्या आकड्यातून ओढली की तिचे केस शेजारच्या टाक्यात गुंततात आणि उसवताना धागा तुटतो. करून बघायला घेतलेला हातभर धागाही गेला तो गेला. आणि बाजारात या सुताचा दुसरा कोन नव्हता.

पहिल्या दिवशी एक सुई सोडून एक लावली, टेन्शनचा डायल दहावर, म्हणजे सगळ्यात सैल टाक्यावर, नेला आणि कॅरेज, म्हणजे सुयांवरून सरकणारा भाग, ओढलं. चौदाव्या सुईला अडकलं. सुईच्या तोंडाशी जी बारीक लॅच असते, टाका विणताना उघडते आणि मिटते, तिच्यात गवताचं कुसळ बसलं होतं. मेंढ्या माळावर चरतात, कुसळं लोकरीत राहतात, घोंगडीच्या मागाला त्याचं काही वाटत नाही. माझी सुई वाकली. कुसळं वेचून पुन्हा लावलं तर सहा ओळी झाल्या आणि जिथे सूत बारीक होतं तिथे कट्कन तुटलं. दोन सुया आणि 15 ग्रॅम लोकर गेली.

दुसऱ्या दिवशी सुताची लडी करून कोमट पाण्यात बुडवली आणि खाली वजन टांगून सावलीत वाळवली. कातलेल्या सुतात पीळ जिवंत असतो. दोन टोकं जवळ आणली की ते आपोआप एकमेकांभोवती गुंडाळतं. पाणी आणि वजन मिळालं की तो शांत होतो. घमेल्यात काळं पाणी आणि तळाशी बोटभर माती राहिली. वाळवून काट्यावर ठेवलं तर 20 ग्रॅम कमी. तरी मशीनने ते घेतलंच नाही. मेण लावलं, तरीही नाही.

रात्री जुन्या पंचकार्डांच्या गठ्ठ्यातून एक-सोड-एक भोकांचं कार्ड सापडलं आणि तेव्हा मला ब्रश आठवले. कॅरेजला खाली दोन लहान गोल ब्रश असतात. ते खाली केले की जाड सूत विणायची गरजच उरत नाही, ते नुसतं अंथरता येतं. कार्डाप्रमाणे एक सोडून एक सुई पुढे येते. जाड सूत हाताने पुढच्या सुयांवरून आणि बाकीच्यांच्या खालून आडवं टाकायचं, ब्रश ते दाबून धरतात, आणि मागचा बारीक धागा विणला जाताना त्याला जागच्या जागी धरून ठेवतो. पुढच्या ओळीला सुया अदलाबदल होतात. जाड सूत सुईच्या तोंडात जातच नाही, त्यामुळे जाडबारीक असलं तरी चालतं, कुसळ असलं तरी चालतं. शिवाय विणताना धागा वळसे घेतो, कापडाच्या रुंदीच्या तिप्पट तरी लागतो. अंथरला तर रुंदीपेक्षा जरासाच जास्त. म्हणजे एवढ्या लोकरीत भागेल का, ही चिंताच मिटली.

हे कापड विणकामासारखं दिसत नाही, मागावरच्या कापडासारखं दिसतं. विणणाऱ्याच्या समोर येणाऱ्या उलट बाजूवर जाड सूत उठून येतं आणि दुसरी बाजू, जी अंगाला लागणार, ती साध्या धाग्याची, मऊ राहते. वीस ओळी झाल्यावर मी हात फिरवला. वरून घोंगडी होती. आतून टोचत नव्हतं. रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी झोपलेल्या माझ्या लेकीला उठवून ते दाखवलं.

आता मागचा धागा ठरवायचा होता. मला सुती हवा होता. आमच्या भागात कापूस डोळ्यांसमोर पिकतो, पण मशीनला चालेल असं सूत इथे मिळत नाही. माझ्याकडे मागाचं एकेरी सूत होतं. ताण्याच्या सुताला पीळ जास्त असतो, सॅम्पल धुतल्यावर समोसा व्हावा तसं एका कोपऱ्याकडे तिरकं गेलं. मग मागवलेलं 2/20 दुपदरी आलं. ते सरळ राहिलं, पण ओलं झालं की जड आणि ढिलं. कमरेची पट्टी एका धुण्यात सैल पडली, वाळायला दीड दिवस लागला. हॉस्टेलवर दोरीवर दीड दिवस स्वेटर कोण राखणार? मग 'वूल मिक्स'चा करडा कोन लावला. डायल आठवर. 60 टाके, 60 ओळी, धुतलं, रात्रभर ठेवलं. दहा सेंटिमीटरला 26 टाके, 40 ओळी. सरळ, हलकं, ओढलं तर जागेवर परत येणारं. यातही थोडी मेंढीच आहे, असं मी स्वतःला सांगितलं, आणि आजींना सांगायचं वाक्यही मनात तयार करून ठेवलं.

आठव्या दिवशी आजी आल्या तेव्हा सॅम्पल पुढे केलं. त्यांनी ते डोळ्यांपेक्षा अंगठ्याने जास्त पाहिलं. वरची बाजू दाबली, मान हलवली. मग उलटून आतला धागा चिमटीत धरला.

"ह्या पोटात काय घातलंस?"

"त्यातही लोकर आहे आजी, मिक्स आहे," मी म्हणाले.

"काडेपेटी हाय का?"

पुढचं सुरुवातीला सांगितलंच आहे. एक काडी त्यांच्या लोकरीला, एक माझ्या दुपदरी सुताला. ते कागदासारखं जळलं, कागदासारखाच वास. आणि तिसरी माझ्या 'वूल मिक्स'ला.

मी त्या व्यापाऱ्याला तिथूनच फोन लावला. "ताई, सगळं सारखंच असतंय, गिऱ्हाइकाला कुठं कळतंय," तो म्हणाला. वर्षानुवर्षं ज्याच्याकडून माल घेतला तो माणूस हे अगदी सहज बोलला. त्याच्याकडून मी आता माल घेत नाही. पण ज्यांना दोन हिवाळे ते स्वेटर विकले त्यांच्यातल्या मोजक्याच जणींना मी ओळखते. आठवल्या तेवढ्यांना सांगितलं. त्यातल्या एकीने 'वूल मिक्स' म्हणून दिलेले वरचे पैसे परत घेतले, बाकीच्या हसल्या आणि म्हणाल्या, ऊब तर आहे ना.

आजी रागावल्या नव्हत्या. त्यांनी सॅम्पल पुन्हा मांडीवर घेतलं आणि कडेचा एक टाका नखाने वर उचलला.

"तू हुशार हायस. पर माही लोकर ह्यात इनलीच न्हाई. नुसती वर बसवलीस. ह्यो आतला धागा काढला तर ती खाली पडती." मग थोड्या वेळाने, "घोंगड्यात कसं, तीच ताना, तीच बाना. कुनाच्या आधारानं न्हाई राहत."

मला उत्तर सुचलं नाही. कापडाबद्दल इतकं नेमकं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मी त्यांना सुती पर्याय दाखवला, सैल पडलेली पट्टीही दाखवली. त्यांनी पट्टी ताणली, सोडली आणि नातवाकडे पाहिलं. नातू तोवर सॅम्पल गालाला लावून बघत होता.

"टोचत न्हाई," तो म्हणाला.

"मग तेच कर. आतून पलास्टिक, वरून मेंढी. पर मला खरं सांगून कर."

पुढचा आणि मागचा भाग 132-132 टाक्यांचा. दर ओळीला सूत हाताने अंथरायचं, कडेला वळवून अडकवायचं, सूत जमिनीवर सैल सोडायचं, जरा ताणलं गेलं तरी कापड आत ओढतं. शाळेच्या स्वेटरच्या एका भागाला लागतो त्याच्या पाचपट वेळ लागला. गळ्याची आणि बगलेची पट्टी हातसुयांवर घातली. सॅम्पलं धरून बिनबाह्यांचा स्वेटर 230 ग्रॅम लोकरीत झाला. मजुरी मी नेहमीचीच सांगितली, आजींनी मोजून दिली, एक रुपया कमी केला नाही. इथे रोज गिऱ्हाईक ऑनलाइन तीनशेला मिळतो म्हणून माझ्याशी भांडतं.

नातू तो दुकानातूनच घालून गेला.

तेव्हापासून एका गोष्टीने मला छळलं आहे. ॲक्रिलिक मी त्याच्या गुणांसाठी निवडलं, की हाताशी कोन होता म्हणून? सुती पट्टी सैल पडते हे खरं आहे. पण पट्टी तेवढी ॲक्रिलिकची आणि मागचा भाग सुती, असं करून बघता आलं असतं. वजनाचा प्रश्न एकपदरी हलक्या होजिअरी सुताने सुटला असता, त्याला पीळ कमी असतो, ते तिरकं कमी जातं. ते मागवायला पंधरा दिवस लागले असते आणि नातवाची गाडी चार दिवसांवर होती. चार दिवस खरे होते. पण त्या रात्री करडा कोन लावताना मला गाडीची तारीख माहीतच नव्हती.

उरलेली लोकर मी परत करायला निघाले तेव्हा आजींनी पिशवी माझ्याकडेच सरकवली. 145 ग्रॅम आहे. मी ती पुन्हा धुऊन, कुसळं वेचून, लडी करून ठेवली आहे. होजिअरीचं सूत मागवलंय, 20 नंबरचं. ते आलं की आधी काडी लावून बघणार, मग मशीनला.