पडद्यामागे

सोमवार, रात्र

दुपारी डबा खाताना आईंचा फोन आला. सहज म्हणून सांगत होत्या, हसत हसत. "तू गेलीस आणि हा रांगत थेट पडद्यापाशी. उचलून बघतो, सोडतो, परत उचलतो." पुढचा घास काही गेला नाही.

सकाळी त्याच्या डोळ्यांदेखत दारातून बाहेर पडले होते. चपला घातल्या, टाटा केला, त्यानेही मूठ उघडमीट केली. दार लागताना बघत होता. आणि शोधायला गेला कुठे, तर रोज संध्याकाळी मी 'बुवाऽऽ कुक' करते तिथे.

या वयात असं होतं, हे मला माहीत आहे. नऊ-दहा महिन्यांच्या बाळासमोर खेळणं एका दुपट्याखाली दोन-चारदा लपवलं, त्याने ते काढलं, मग त्याच्यादेखत दुसऱ्या दुपट्याखाली ठेवलं, तर ते पुन्हा पहिलंच उचकतं. बालमानसशास्त्रज्ञ पियाजेंनी हे स्वतःच्या मुलांमध्ये पाहिलं. त्यांची मुलगी ल्युसिएन तर वर्षाची होऊन गेली होती. बागेत वडील समोर होते, तरी 'बाबा कुठे?' म्हटल्यावर तिने त्यांच्या खोलीच्या खिडकीकडे मान वळवली. रोज तिथेच दिसायचे ना ते.

पण माहीत असून काय? मला राहून राहून तो पडदाच दिसतोय. उचलला की मागे नुसती भिंत. परत खाली सोडताना काय वाटलं असेल त्याला? आपलंच काही चुकलं, नीट उचलला नाही?

साडेचार महिन्यांचा असताना मी याच्या उलट कारणाने रडले होते. खुळखुळ्यावर ओढणी टाकली, तर हा लगेच पंख्याकडे बघायला लागला. वाटलं, मीही अशीच. दाराबाहेर पडले की संपले. कामावर जायला लागून आठवडा झाला होता तेव्हा, आणि घरात जे चाललं होतं ते… असो. मानसशास्त्रज्ञ रेने बायार्जों यांचा १९८७ चा प्रयोग तेव्हाच वाचला. मागे झुकणारी फळी, तिच्याआड ठोकळा. फळी ठोकळ्यापाशी अडायला हवी, पण ती आरपार जातेय असं दाखवलं की एवढीशी बाळंही जास्त वेळ बघत राहतात. हात शोधत नाहीत, पण डोळ्यांना ठोकळा आठवतो. याचा अर्थ काय लावायचा यावर अजून वाद आहेत. मी मात्र तो प्रयोग घट्ट धरून ठेवला.

आता हात शोधतात, तर तेही सोसवत नाही.

संध्याकाळी दार उघडलं तसा झेपावला. कडेवर घेतलं, खांद्यावर डोकं टेकलं, आणि मग मान वळवून एकदा पडद्याकडे बघितलं त्याने.

आज पडद्यामागे जायचंच नाही असं ठरवून आले होते. त्यानेच पडदा धरला आणि तोंडावर ओढून घेतला. पोट बाहेर, दोन्ही पाय बाहेर. म्हटलं, "अगंबाई, कुठे गेला माझा सोन्या?" आतून खिदळला.

मग शोधलं मी. सोफ्यामागे पाहिलं, कॉटखाली पाहिलं.