नववीची गुणपत्रिका आणि २६ क्रेडिट

मुलीची नववीची गुणपत्रिका घेऊन मी टेक्सासमधील एका हायस्कूलच्या काउन्सेलरसमोर बसले, तेव्हा नववी उत्तीर्ण झालेली मुलगी दहावीत बसेल आणि विषय तिथेच मिटेल, अशी माझी समजूत होती. त्या बाईंनी गुणपत्रिका बारकाईने वाचली आणि पहिलाच प्रश्न गणिताविषयी विचारला: हे ७६ गुण बीजगणिताचे की भूमितीचे? राज्य मंडळाच्या शाळेत बीजगणिताचे ४०, भूमितीचे ४० आणि अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण मिळून गणित हा एकच विषय होतो, हे मी सांगितले. परंतु त्यांच्या दप्तरी बीजगणित हा वर्षभराचा एक अभ्यासक्रम आणि भूमिती हा दुसरा, प्रत्येकाचे एक क्रेडिट, असा हिशेब असल्यामुळे आमचा जोडविषय कोणत्याच रकान्यात बसत नव्हता.

क्रेडिट म्हणजे गुण नव्हेत, हे समजायला मला काही आठवडे लागले. एखादा अभ्यासक्रम ठरलेल्या पातळीपर्यंत पूर्ण झाला, एवढीच नोंद क्रेडिट करते. तो किती चांगला झाला, हे गुण सांगतात. तेथे एका सेमिस्टरला अर्धे आणि वर्षाला एक क्रेडिट मिळते. हायस्कूल पूर्ण केल्याच्या डिप्लोमासाठीचा पायाभूत आराखडा २२ क्रेडिटचा असतो: इंग्रजीची ४, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे यांची प्रत्येकी ३, इंग्रजीव्यतिरिक्त एका भाषेची २, शारीरिक शिक्षण आणि कला यांचे प्रत्येकी १ आणि ऐच्छिक विषयांची ५. एखाद्या शाखेकडे विशेष कल दाखवायचा असेल, तर ही संख्या २६ होते, आणि बहुतेक मुले त्याच वाटेने जातात.

गणिताचा गुंता सोडवण्यासाठी मी नववीच्या दोन्ही पाठ्यपुस्तकांची अनुक्रमणिका इंग्रजीत लिहून दिली. संच, वास्तव संख्या, बहुपदी, दोन चलांतील रेषीय समीकरणे हे सारे पहिल्या भागात होते. पण वर्गसमीकरणे आपल्याकडे दहावीत येतात आणि त्यांच्या पहिल्या बीजगणितात ती असतातच. भूमितीतही समरूपता दहावीत असल्याने तेथे एकही क्रेडिट पदरात पडले नाही, आणि खरे सांगायचे तर ते मला योग्यच वाटले. बीजगणितासाठी मात्र परीक्षेतून क्रेडिट मिळवण्याची सोय होती. विषय आधी शिकलेला असेल तर ७० टक्के पुरतात आणि अजिबात न शिकता थेट परीक्षा द्यायची असेल तर ८० लागतात. आमची अनुक्रमणिका ग्राह्य धरून त्यांनी तिला पहिल्या गटात घेतले. शाळा ऑगस्टमध्ये सुरू होणार होती, म्हणून जुलैभर तिने वर्गसमीकरणे आणि त्यांचे आलेख यांचाच अभ्यास केला आणि ८३ गुण मिळवले.

भाषेची गोष्ट जरा चमत्कारिक घडली. गुणपत्रिकेवर मराठी आणि हिंदी अशा दोन भाषा होत्या आणि आवश्यक क्रेडिटही दोनच होती, म्हणून मी निश्चिंत होते. परंतु नियमानुसार ती दोन्ही क्रेडिट एकाच भाषेची असावी लागतात. डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे त्या भागातील सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, मान्य परीक्षांच्या यादीत हिंदी होती, मराठी नव्हती. परिणामी, घरात जी भाषा आम्ही चुकूनही बोलत नाही तिने भाषेची अट पूर्ण केली आणि मातृभाषा ऐच्छिक विषयांच्या रांगेत जाऊन बसली.

राहिला प्रश्न गुणांचा. आपल्याकडे ३५ ला उत्तीर्ण होतात आणि गणितात ७६ मिळाले तर शेजारीही कौतुक करतात. तेथे ७० च्या खाली क्रेडिटच मिळत नाही आणि ७६ म्हणजे जेमतेम ‘सी’ श्रेणी. हे आकडे जसेच्या तसे उतरवले असते, तर तिचे नुकसान झाले असते. आमच्या डिस्ट्रिक्टने परदेशातील वर्षाला क्रेडिट दिले, पण ते गुण जीपीएत, म्हणजे ज्यावरून वर्गातील क्रमांक ठरतो त्या एकूण सरासरीत, धरले नाहीत, आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला. तेथे वर्गातील क्रमांकाला फार वजन आहे, कारण १९९७ च्या कायद्यानुसार राज्यातील हायस्कूलच्या पहिल्या १० टक्के विद्यार्थ्यांना सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश मिळतो. ऑस्टिनच्या विद्यापीठासाठी ही मर्यादा आणखी कडक आहे.

पहिल्या सेमिस्टरमध्ये खरा धक्का बसला तो एका शून्याने. सहामाही आणि वार्षिक परीक्षेची सवय असलेल्या मुलीला गृहपाठ ही किरकोळ बाब वाटत होती. ९५, ९२, ९४, ९६ असे चार कामांचे गुण आणि पाचवे काम जमा न केल्याचे शून्य, यांची सरासरी ७५.४ येते, हे तिने स्वतः कागदावर मांडून पाहिले आणि त्यानंतर एकही काम बाकी ठेवले नाही. परीक्षेच्या दिवशी सारे सावरून घेण्याची आपली पद्धत तेथे चालत नाही.

दुसऱ्या सेमिस्टरमधली चूक मात्र माझी होती. भावाच्या लग्नासाठी आम्ही डिसेंबरच्या सुट्टीला जोडून भारतात जास्त राहिलो आणि जानेवारीत शाळेचे ११ दिवस बुडाले. आगाऊ कळवलेले होते, शिक्षकांनी अभ्यासही पाठवला होता, त्यामुळे मला काळजी वाटली नाही. परंतु वर्ग भरण्याच्या दिवसांपैकी किमान ९० टक्के दिवस उपस्थिती नसेल, तर कारण काहीही असो, क्रेडिट अडते. उपस्थिती ७५ टक्क्यांच्या वर असेल, तर मुख्याध्यापकांनी ठरवून दिलेले भरपाईचे काम करून ते परत मिळवता येते. आमच्या शाळेने भरपाईसाठी शनिवारचे तास लावून दिले. मे महिन्यात ट्रान्स्क्रिप्टची, म्हणजे सर्व अभ्यासक्रमांचे गुण आणि क्रेडिट नोंदवलेल्या पत्रकाची, तपासणी करताना भूमितीपुढे ९१ गुण छापलेले दिसले आणि शेजारचा क्रेडिटचा रकाना कोरा. शेवटच्या शनिवारनंतरच्या सोमवारी तेथे ०.५ आले, ९१ चे ९१ च राहिले.