मानकुरादाची तोरं, एक बाटली आणि दोन रोपं

गोव्यात सत्तरीतल्या आमच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, आजोबांनी लावलेलं मानकुराद आंब्याचं झाड आहे. एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी मी त्याचीच तोरं, म्हणजे कोवळ्या कैऱ्या, घेऊन प्रयोगशाळेत बाटलीत रोपं वाढवायची ठरवली, तेव्हा बाबांनी विचारलं, "बाठा पुरला की रोप येतंच, मग बाटली कशाला?"

प्रश्न रास्त होता. पण मानकुरादाच्या बाठ्यात एकच गर्भ, तोही परागीभवनातून आलेला. रोप आईवर जाईलच असं नाही. कलम हा सोपा उपाय आहेच, आणि शेतकऱ्याला मी आजही कलमच सुचवीन. मला मात्र बीजातली गर्भाभोवतीची ऊती, न्यूसेलस, हवं होतं. ते निव्वळ आईचं. त्याच्या पेशींतून थेट भ्रूण घडवता येतात, म्हणजे मूळ आणि शेंडा दोन्ही असलेलं रोप, तेही आईचंच.

फेब्रुवारीत, चेपणीच्या लोणच्याला घालतात तेवढी लहान तोरं काढली. बाठा कडक झाला की वेळ गेली. लॅमिनारमध्ये, म्हणजे जंतुरहित हवेच्या कपाटात, तोर अल्कोहोलने पुसून कापायचं, आतलं बीजांड (कोवळी बी) उघडायचं, कोवळा गर्भ वेगळा काढून टाकायचा. तो चुकून राहिला तर पुढे उगवेल ते आईचं की नाही, हे सांगता येत नाही. मी प्रत्येक बीजांड दोनदा तपासत असे.

उरलेलं न्यूसेलस बाटलीतल्या मीडियावर, म्हणजे पोषक जेलीवर, ठेवायचं. त्यात लिटरला १ मिलिग्रॅम २,४-डी हे कृत्रिम संप्रेरक आणि ६० ग्रॅम साखर. बाटल्या अंधारात, २५ अंशांवर. आठवडाभरात मीडिया चहासारखा काळपट झाला. कापलेल्या आंब्यातली फिनॉलं ही रसायनं बाहेर येऊन ऊतीलाच मारतात. एस्कॉर्बिक आम्ल घातलं, सुरुवातीला दर तीन दिवसांनी ऊती नव्या मीडियावर हलवली. रविवारीसुद्धा वाळपईहून बस पकडून. तरी निम्म्याहून जास्त गेल्याच.

दोन महिन्यांनी एका बाटलीत हस्तिदंती रंगाचे बारीक गोळे, म्हणजे कोवळे भ्रूण, दिसले. मी मार्गदर्शक मॅडमना हाक मारायचीही विसरले, नुसती बघत राहिले. २,४-डी काढलेल्या मीडियावर त्यांचा आकार बदलला: आधी गोल, मग हृदयासारखा, मग दोन बीजदळं सुटी.

खरी परीक्षा त्यापुढे होती, आणि त्याबद्दल मला कुणी पुरेसं सावध केलं नव्हतं. बरेच भ्रूण काचेसारखे पारदर्शक, पाणी भरल्यासारखे झाले. अगार वाढवून मीडिया घट्ट केला, थोडं ॲब्सिसिक आम्ल हे संप्रेरक दिलं, तेव्हा काही पांढरे, भरीव निघाले. त्यांतल्या कितीतरींना मूळ फुटलं, शेंडा फुटलाच नाही. मुळं लांबत जायची आणि वर काहीच नाही. ते पाहणं सगळ्यात जड गेलं.

सहा रोपं बाटलीबाहेर आली ती भर पावसाळ्यात. बाटलीतल्या पानावर मेणाचा थर जेमतेम, म्हणून प्लास्टिकची पिशवी झाकून ओलावा राखायचा. पण जास्त झाकलं की बुरशी. पिशवीला रोज एकेक भोक वाढवत गेले. चार रोपं गेली.

उरलेली दोन कुळागरात आहेत, पोफळीच्या सावलीत. परवा एकाला तांबूस पालवी आली. बाबा आता रोज सकाळी आधी तिकडे जातात.