सोलरच्या नळाला बारीक धार का येते

थंडी पडली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडे घरोघरी ही तक्रार ऐकू येते. गार पाण्याचा नळ धो धो वाहतो आणि सोलरच्या नळाला करंगळीएवढी धार. प्लंबर येतो, "पंप बसवा" म्हणतो. पंपाचा खर्च करण्याआधी बादली आणि घड्याळ घेऊन न्हाणीत जा.

साध्या सोलरची टाकी, म्हणजे जिचा हवेचा पाइप वर उघडा असतो ती, स्वतः दाब देत नाही. गरम पाण्याला ढकलतं ते शेजारच्या गार टाकीतलं पाणी. 10 मीटर उंचीमागे साधारण 1 बार दाब, हा हिशोब. वरच्या मजल्यावरचा शॉवर आणि गार टाकीतल्या पाण्याची पातळी यांत 3 मीटरचं अंतर असेल तर हाती येतो 0.3 बार. हा दाब गार आणि गरम दोन्ही नळांना सारखाच मिळतो. म्हणून गार जोरात आणि गरम हळू असेल, तर दोष उंचीचा नाही, गरम पाण्याच्या वाटेत कुठेतरी अडकलंय.

आता बादली. 10 लिटरची बादली आधी गार नळाखाली, मग गरम नळाखाली भरा आणि सेकंद मोजा. गरमची वाट लांब असते, त्यामुळे थोडा जास्त वेळ चालेल. दुप्पट लागला तर अडथळा आहे. दोन्ही नळ हळू असतील तर गार टाकीच्या तोटीपाशी गाळ बघा. आपल्याकडची तांबडी माती पावसाळ्यात पाण्याबरोबर येते आणि तळाशी बसते. तोटी तळापासून दोन-तीन इंच वर असावी, नाहीतर तोच गाळ पाइपात उतरतो. एकाच नळाला त्रास असेल तर वर स्लॅबवर जाऊच नका. त्या नळाची जाळी, अँगल कॉक आणि कनेक्शन पाइप सोडवून बघा. दाबमापक लावून यातलं काही कळत नाही. नळ बंद असताना अर्धा बुजलेला पाइपही पूर्ण दाब दाखवतो.

सगळ्या गरम नळांना बारीक धार असेल तर पहिला संशय हवेवर. सोलरच्या टाकीतून निघालेला पाइप कठड्यावरून चढून मग खाली उतरत असेल, तर त्या उंचवट्यात हवा साचते. टाकी एकदा रिकामी झाली की हे हमखास होतं. धार झटके देत, फुसफुसत येते, ही त्याची खूण. तळमजल्यावरचा गरम नळ पूर्ण उघडून काही मिनिटं वाहू द्या. खालच्या नळाला उंची जास्त मिळते, त्यामुळे हवा ओढली जाते. तरी पुन्हा पुन्हा होत असेल तर पाइपचा उतार बदला, किंवा उंचवट्याच्या माथ्यावर टी बसवून उघडा पाइप वर न्या. त्याचं तोंड गार टाकीतल्या सर्वांत वरच्या पातळीपेक्षा किमान फूटभर उंच हवं. सोलरच्या टाकीवरच्या हवेच्या पाइपालाही हाच नियम, आणि त्याचं तोंड कधीही बुजवू नका. गांधीलमाशीनं मातीचं घर केलं तरी तो बंद होतो, मग पाणी काढताना टाकीत हवा शिरत नाही आणि पत्रा आत ओढला जातो.

दुसरा गुन्हेगार व्हॉल्व. जुना गेट व्हॉल्व आतून तुटतो: चाक फिरतं, पण पडदा खालीच राहतो. तिथे पूर्ण भोकाचा बॉल व्हॉल्व बसवा. नॉन-रिटर्न व्हॉल्व, म्हणजे पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारा, स्प्रिंगचा असेल तर तो उघडायलाच थोडा दाब खातो. 3 बारच्या लाइनीत ते जाणवत नाही, पण 0.3 बारमध्ये फार जाणवतं. फ्लॅपचा घ्या आणि आडव्या पाइपात, बाणाची दिशा बघून लावा. सोलरच्या पुढे गिझर जोडला असेल तर त्याच्या तोंडाशी असलेला सेफ्टी व्हॉल्वही तपासा. तोही स्प्रिंगचा आणि अरुंद वाटेचा असतो.

बोअरचं पाणी असेल तर क्षार धरावेच लागतात. पाणी 60 अंशांच्या वर तापलं की चुना झपाट्यानं बसतो, जास्त करून एल्बोत आणि शॉवरच्या भोकांत. 1 लिटर कोमट पाण्यात 50 ग्रॅम लिंबूफूल विरघळवून शॉवर तासभर बुडवून ठेवा. फरशी धुवायचं ॲसिड स्टीलच्या टाकीत मुळीच घालू नका, क्लोराइडनं स्टीलला बारीक छिद्रं पडतात. गरम लाइन अर्धा इंची असेल तर मुख्य पाइप पाऊण इंची करा. त्याच दाबावर जवळजवळ दुप्पट पाणी येतं.

इतकं करूनही शॉवरला जोर नसेल तर पंप बसवा, पण जागा चुकवू नका. गार टाकीच्या सामायिक तोटीवर पंप लावला तर सोलरच्या टाकीवर दाब येतो. वरच्या पाइपातून पाणी उडतं आणि सोलरच्या काचेच्या नळ्यांची रबरी कडी गळायला लागतात. फक्त गार लाइनीवर लावला तर मिक्सरमधून, म्हणजे गार-गरम एकत्र करणाऱ्या नळातून, गार पाणी गरम लाइनीत घुसतं आणि उलटं सोलरच्या टाकीत चढतं. गरम पाणी मग येतच नाही, वरून मात्र पाणी सांडत राहतं. गरम तोटीनंतर वेगळा, किमान 80 अंश सोसणारा पंप हवा आणि मिक्सरच्या आधी दोन्ही लाइनींना नॉन-रिटर्न व्हॉल्व हवेत.

काचेच्या नळ्यांचा सोलर असेल आणि दुरुस्तीसाठी टाकी व नळ्या रिकाम्या केल्या असतील, तर भरउन्हात पाणी सोडू नका. कोरड्या नळ्या फार तापलेल्या असतात, गार पाणी लागताच तडकतात. संध्याकाळी ऊन उतरल्यावर किंवा पहाटे भरा.